‘छावा’ पाहिल्यावर

२०२५ च्या फेब्रुवारीत ‘छावा’ प्रदर्शित झाला आणि आपल्या महाविद्यालयात एक अपूर्व दृश्य दिसू लागले. एरवी इतिहासाच्या तासाला ज्यांचे लक्ष खिडकीबाहेर असते, तीच मंडळी कट्ट्यावर आणि एस.टी.च्या थांब्यावर सनावळ्या नि किल्ल्यांची नावे घेऊन हमरीतुमरीवर येऊ लागली. कोणी मुद्दाम अमरावतीला जाऊन चित्रपट पाहून आला होता, कोणी नागपूरला नातेवाइकांकडे गेला असताना. पुढे ११ एप्रिलला तो नेटफ्लिक्सवर आला, तेव्हा उरलेल्यांनी तळहाताएवढ्या पडद्यावर पाहून घेतला. मी तेव्हा पहिल्या वर्षाला होते. या दोन वर्षांत एखाद्या पुस्तकावर, कवितेवर, फार काय निवडणुकीवरसुद्धा आपण इतके बोललेलो नाही. ही गोष्ट चांगलीच झाली. माझी तक्रार चित्रपटाविषयी थोडी आहे. चित्रपट पाहून आपण जे बोललो त्याविषयी ती अधिक आहे, आणि तीच येथे मांडायची आहे.

चित्रपटाच्या प्रारंभीच बुऱ्हाणपूरच्या स्वारीचा प्रसंग आहे. त्यात संभाजीमहाराज सिंहाशी झुंज घेतात आणि त्याचा जबडा फाडतात. कट्ट्यावर आमच्यातील एकाने सहज विचारले, “सातपुड्यात सिंह कुठून आला गा? आपल्या इकडं तर वाघ अन् बिबटच आयकले.” प्रश्न साधा होता. बुऱ्हाणपूर आपल्या शेंदूरजनाघाटासारखेच सातपुड्याच्या आधाराने वसलेले गाव, तेव्हा तो सुचणे स्वाभाविकही होते. त्याला उत्तर मिळाले, “तुले महाराजाचा अभिमान नाही काय?” तो गप्प बसला. नंतर चहा आला आणि विषय विकी कौशलच्या दाढीकडे वळला.

वास्तविक त्या प्रश्नाला फार सुरेख उत्तर होते. सिंह आज गीरच्या रानात तेवढा उरला असला, तरी मुघलांच्या काळी तो उत्तर आणि मध्य हिंदुस्थानात होता. बादशहा त्याची शिकार करीत, आणि एकोणिसाव्या शतकातही मध्य हिंदुस्थानात तो अगदीच नाहीसा झालेला नव्हता. म्हणजे सिंह असणे अशक्य नव्हते. झुंज झाली की नाही हा त्यापुढचा प्रश्न, आणि तो कागदपत्रांचा. एवढे कोणी सांगितले असते, तर विचारणाराही खूश झाला असता आणि ऐकणाऱ्यांच्या पदरात काही पडले असते. पण आपण उत्तर शोधले नाही, विचारणाराची निष्ठा तपासली. त्या आठवड्यात अशा परीक्षा मी बऱ्याच पाहिल्या. पार्श्वसंगीत फार कर्कश वाटले असे म्हणणाऱ्या एका मैत्रिणीलाही हाच प्रश्न आला. आता ए. आर. रहमान यांचे संगीत आवडणे न आवडणे याचा स्वराज्यनिष्ठेशी काय संबंध आहे, हे मला आजतागायत कळलेले नाही.

थोर पुरुषावरचा चित्रपट थोर असतोच असे नाही, आणि चित्रपटातील उणीव दाखवली म्हणून तो पुरुष लहान होत नाही. इतकी साधी गोष्ट आपण मान्य केली, तर मोकळेपणाने बोलता येईल. म्हणून माझे मत सांगते. लक्ष्मण उतेकर हा आपला मराठी दिग्दर्शक. ‘टपाल’ (२०१४) सारखा हळुवार मराठी चित्रपट करून तो हिंदीत गेला. ‘छावा’त त्याने विकी कौशलकडून जी मेहनत करून घेतली आहे, ती डोळ्यांना दिसते. संगमेश्वरची झुंज मला आवडली. अरुंद जागेत मोजक्या माणसांनिशी लढणाऱ्याची घुसमट तिच्यात आहे. अक्षय खन्नाचा औरंगजेब तर फारच कमी बोलतो, आणि म्हणूनच त्याची भीती वाटते. कवी कलशाची भूमिका करणारा विनीतकुमार सिंह मला सर्वांत अधिक लक्षात राहिला. साखळदंडात असताना महाराज आणि कलश एकमेकांना कवितेने उत्तर देतात, त्या प्रसंगी चित्रपटगृहात शिट्ट्या वाजल्या नाहीत, हे विशेष.

पण नऊ वर्षे राज्य केलेल्या राजाचे चाळीस दिवसांचे हाल तेवढे आपल्या मनावर कोरले जातात आणि नऊ वर्षे धुरासारखी निघून जातात, हे मला खटकले. १६८१ च्या जानेवारीत रायगडावर राज्याभिषेक. १६८२ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीशी संघर्ष. १६८३ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीजांवर स्वारी. एका बाजूला म्हैसूर, दुसऱ्या बाजूला खुद्द औरंगजेब दक्षिणेत उतरलेला. चार आघाड्यांवर एकाच वेळी लढायचे, तर पैसा कोठून आणायचा, दाणागोटा कसा पुरवायचा, कोणाशी तह करायचा, कोणाला झुलवत ठेवायचे? राजाचे खरे कर्तृत्व येथे आहे. हाच राजा ‘बुधभूषण’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहितो. चित्रपटातले महाराज मात्र बहुतेक वेळ गर्जना करतात. गर्जनेने माणूस थरारतो हे खरे. पण विचार करणारा राजा दिसला असता, तर मला अधिक आनंद झाला असता.

लेझमाचा वादही याच जातीचा. जानेवारी २०२५ मध्ये चित्रपटाची झलक आली, तीत महाराज नि येसूबाई लेझीम खेळताना दिसले. आक्षेप घेतला गेला आणि दिग्दर्शकाने तो प्रसंग काढून टाकण्याचे जाहीर केले. आपल्यापैकी बहुतेकांनी तो पूर्ण प्रसंग पाहिलाच नाही. तरी त्यावर कडाक्याचे वाद घातले. राज्याभिषेकानंतर आनंदाने लेझीम हाती घेणारा तरुण राजा मला तरी कमी प्रतीचा वाटला नसता. शिवजयंतीला लेझीम खेळताना आपल्या मुलींच्या पथकाला कोणी अडवत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. चित्रपट पाहून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी एक वाक्य होते: “हा इतिहास आपल्याला कोणी शिकवलाच नाही.” हे वाक्य ऐकायला बरे वाटते, कारण ते म्हणणारा एकदम फसवला गेलेला, म्हणून निरपराध ठरतो. त्यात थोडे तथ्य आहे, पण अर्धेच. शाळेच्या पाठ्यपुस्तकात संभाजीमहाराजांना मिळणारी जागा थोडी, ही गोष्ट खरी. परंतु ‘कोणी सांगितलेच नाही’ म्हणणे हा ज्यांनी आयुष्य घालवून सांगितले त्यांच्यावर अन्याय आहे.

मराठीत संभाजीमहाराजांची प्रतिमा कशी बदलत गेली, हीच मुळी एखाद्या चित्रपटाला पुरेल अशी कथा आहे. त्यांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी मल्हार रामराव चिटणीस यांनी बखर लिहिली. त्यांचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजीमहाराजांनी कटाच्या आरोपावरून देहान्त शिक्षा दिली होती. अशा घराण्यातून आलेल्या बखरीत राजाचे चित्र काळे उतरले, तर त्यात नवल नाही. पुढे नाटककारांनी आणि कादंबरीकारांनी हेच चित्र उचलले. राम गणेश गडकऱ्यांचे ‘राजसंन्यास’ अपुरे राहिले. गडकरी १९१९ मध्ये वारले. पण त्या अपुऱ्या नाटकातील व्यसनी, विलासी संभाजी मराठी माणसाच्या मनात ठाण मांडून बसला. १९४१ साली भालजी पेंढारकरांनी ‘थोरातांची कमळा’ हा बोलपट काढला, त्यातही संभाजीराजे आले ते प्रेमकथेतले. ‘राजसंन्यासा’चा राग इतका टिकला, की २०१७ च्या जानेवारीत पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा पुतळा उखडून नदीत टाकण्यात आला. (मला ते कृत्य पटलेले नाही. नाटकाला उत्तर द्यायचे तर ते दुसऱ्या नाटकाने द्यावे.)

आणि उत्तर दिलेही गेले होते. वा. सी. बेंद्रे हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? शिवाजीमहाराजांचे अस्सल चित्र उजेडात आणणारे ते हेच संशोधक. बखरी बाजूला ठेवून त्यांनी समकालीन कागद धुंडाळले आणि १९६० साली ‘छत्रपती संभाजी महाराज’ हा चरित्रग्रंथ प्रसिद्ध केला. १९७१ मध्ये डॉ. कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ आला. एका स्त्रीने मोडी नि फार्सी साधनांच्या आधाराने एका बदनाम राजाचा खटला पुन्हा चालवला, ही गोष्ट मला स्वतःला फार मोठी वाटते. दरम्यान रंगभूमीवर वसंत कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) नि ‘इथे ओशाळला मृत्यू’ (१९६८) ही नाटके आली आणि काशीनाथ घाणेकरांच्या संभाजीसाठी प्रेक्षक वेडे झाले. मग १९७९ मध्ये शिवाजी सावंतांची ‘छावा’ कादंबरी. अगदी अलीकडे, २०१७ ते २०२० अशी जवळजवळ अडीच वर्षे, ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका घरोघर चालली; आमच्या घरी त्या वेळी जेवणाची ताटेसुद्धा मालिका संपल्यावर वाढली जात. एवढे सगळे असताना ‘कोणी सांगितले नाही’ हे म्हणणे कसे टिकेल? सांगणारे सांगत होते. आपण विचारायला गेलो नाही, कारण विचारायला गेले की वाचावे लागते.

आपल्या गावाला एक गोष्ट सांगायला नको. येथे अर्धा गाव पन्हेरीवर जगतो. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधायचा, खुंटाने जमिनीतून रस ओढायचा आणि डोळ्याने गोड फळ द्यायचे, हा आपला रोजचा व्यवहार. ‘छावा’ चित्रपट हा असाच बांधलेला डोळा आहे. तो सावंतांच्या कादंबरीवर बांधला, कादंबरी बेंद्रे-गोखल्यांसारख्यांच्या खुंटावर वाढली. फळाला संत्रेच म्हणायचे, जंबेरी म्हणायचे नाही. चित्रपटाला चित्रपटच म्हणायचे, इतिहास म्हणायचे नाही. आणि खुंट सुकला तर डोळाही जगणार नाही, हे बागवानाच्या पोराला मी काय सांगावे?

कलम बांधताना काही फांद्या छाटाव्या लागतात, तशा चित्रपटानेही छाटल्या आहेत. त्यांतील दोन मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली दिलेरखानाची. १६७८ च्या डिसेंबरात युवराज संभाजी स्वराज्य सोडून मुघल सरदार दिलेरखानाला जाऊन मिळाले आणि जवळजवळ वर्षभराने परत आले. चित्रपट शिवाजीमहाराजांच्या निधनानंतरचा काळ घेतो, म्हणून हा प्रसंग त्याच्या कक्षेबाहेर राहतो. एका मित्राला मी हे सांगितले, तर तो म्हणाला, “असं काही झालंच नसन.” झाले होते, आणि ते लपवण्याचे कारण नाही. घरच्या कलहाने, सावत्रपणाने, गैरसमजाने एकवीस वर्षांचा तरुण चुकीच्या दारी जातो, तेथे काय चालते ते डोळ्यांनी पाहतो आणि परततो. आणि दहा वर्षांनी त्याच मुघलांपुढे मान तुकवायला नकार देऊन मरण पत्करतो. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे त्या मरणाची उंची कळते. जन्मापासून निर्दोष असलेल्या देवाला न झुकणे सोपे असावे. एकोणीस-वीस वर्षांच्या आपल्याला असा माणूसच जवळचा वाटेल.

दुसरी छाटलेली फांदी मला दाखवली ती माझ्या आजीने. तिला अक्षरओळख नाही. मोबाइलवर तिने चित्रपट पाहिला, शेवटी पदराने डोळे पुसले आणि विचारले, “मंग त्याच्या बाईचं काय झालं वं पुढं? लेकरू व्हतं ना तिले?” इतक्या दिवसांच्या कट्ट्यावरच्या चर्चेत हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता. मलाही नीट उत्तर देता येईना, म्हणून मी ग्रंथालयात गेले. जे मिळाले ते येथे थोडे विस्ताराने सांगते, कारण ते चित्रपटात नाही.

येसूबाई ही शृंगारपूरच्या पिलाजी शिर्क्यांची लेक. संभाजीमहाराजांनी तिला कारभाराचे अधिकार दिले होते. ‘श्री सखी राज्ञी जयति’ अशी तिची मुद्रा होती. १ फेब्रुवारी १६८९ ला महाराज संगमेश्वरला पकडले गेले, ११ मार्चला त्यांची हत्या झाली. रायगडावर येसूबाई, सात वर्षांचा शाहू आणि दीर राजाराम. गादी कोणाला, हा प्रश्न उभा राहिला. पोटचा मुलगा समोर असताना तिने राजारामाला गादीवर बसवण्यास मान्यता दिली आणि त्याने गड सोडून बाहेर पडावे, स्वतः शाहूसह गड लढवावा, असा निर्णय घेतला. सर्वांनी एकाच ठिकाणी अडकू नये, ही त्यामागची दृष्टी. राजाराम निसटला नि पुढे जिंजीला पोचला. रायगड त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पडला आणि येसूबाई मुलासह कैद झाली. औरंगजेब १७०७ मध्ये मेला, शाहू सुटला. पण येसूबाई सुटली नाही. ती ओलीस म्हणून दिल्लीत राहिली. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथाच्या दिल्ली-स्वारीनंतर ती साताऱ्यास परत आली. जवळजवळ तीस वर्षे! महाराजांचे एकूण आयुष्य बत्तीस वर्षांचेही नव्हते.

चाळीस दिवसांच्या छळावर तासभर चित्रपट होतो आणि तीस वर्षांच्या कैदेवर काहीच होत नाही, याचे कारण काय असावे? कैदेत तलवारबाजी नसते, हे एक. दुसरे असे, की वाट पाहणे हे बाईचे कामच आहे अशी आपली समजूत. त्यात पराक्रम तो काय? रश्मिका मंदानाच्या हिंदी उच्चारांवर आपल्या मुलांनी यथेच्छ विनोद केले. परंतु तिच्या वाट्याला ओवाळणे, डोळे भरणे आणि धीर देणे याखेरीज काय आले, हे कोणी बोलले नाही. चित्रपटात फितुरीचा दोष गणोजी शिर्क्यांवर ठेवला आहे. गणोजी हे येसूबाईचे भाऊ. शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली आणि दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. महाराजांचा ठावठिकाणा शत्रूला कोणी दिला यावर इतिहासकारांचे एकमत नाही. परंतु क्षणभर चित्रपटाचे म्हणणे खरे धरले, तरी माहेर एका बाजूला नि सासर दुसऱ्या बाजूला अशा त्या बाईच्या मनात काय चालले असेल, हा केवढा मोठा नाट्यविषय आहे!

आता वऱ्हाडाविषयी. मी चित्रपट पाहताना मनात म्हणत होते, या सगळ्यात आपण कोठे आहोत? आपली मुले जयघोष करतात तेव्हा जणू आपले पूर्वज रायगडाच्या दरवाजावर पहारा देत होते, असा आवेश असतो. वास्तविक त्या काळी वऱ्हाड हा मुघलांचा सुभा होता, एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर त्याचे मुख्य ठाणे. १६७० मध्ये सुरतेनंतर शिवाजीमहाराजांचे सैन्य आपल्याकडे आले ते कारंजा लुटायला. आपल्या वाडवडिलांनी मराठी घोडदौड पाहिली ती मुघल मुलखातले रयत म्हणून. माहूरच्या उदाराम देशमुखांच्या घराण्यातील सावित्रीबाई, जिला ‘रायबागन’ म्हणत, ती मुघलांच्या बाजूने लढली आणि १६६१ मध्ये उंबरखिंडीत महाराजांच्या कोंडीत सापडली. आणि याच वऱ्हाडातील सिंदखेडराजाच्या जाधवांच्या घरी जिजाऊ जन्मल्या. त्यांचे वडील लखुजी जाधव निजामशहाच्या दरबारात मारले गेले. एकाच मुलखातून रायबागनही आली आणि जिजाऊही. ही माहिती कोणाला कमीपणाची वाटेल. मला ती चित्रपटापेक्षा रंजक वाटली. आपल्याकडे ‘शिवाजी’ हे नाव पोचले ते तर पुष्कळदा शाळेच्या पाटीवरून. डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, आणि कुणब्या-माळ्यांची, ज्यांच्या घरात पुस्तक नव्हते अशांची मुले त्या नावाखाली शिकली. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच, त्यामुळे हा संबंध मला तलवारीच्या संबंधाहून जवळचा आहे.

चर्चा चर्चेपुरती राहिली असती, तर मी हा लेख लिहिलाही नसता. पण मार्चमध्ये दोन गोष्टी घडल्या. बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या परिसरात, मुघलांचा खजिना तेथे पुरला आहे अशा समजुतीने, लोक रात्रीच्या रात्री विजेऱ्या आणि धातुशोधक यंत्रे घेऊन शेते खणू लागले. चित्रपट पाहून ही लाट आली, अशी वृत्ते आली. ती वाचून आपण खूप हसलो. दुसरी गोष्ट हसण्यासारखी नव्हती. खुलताबादच्या औरंगजेबाच्या कबरीवरून वाद पेटला होता. १७ मार्चला नागपुरात दंगल उसळली, संचारबंदी लागली, एक जीवही गेला. ‘छावा’मुळे लोकांचा औरंगजेबाविषयीचा राग उफाळून आला आहे, असा उल्लेख मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत केला. नागपूर आपल्याला परके नाही. आपली संत्री तेथे जातात, आपले आजारी तेथे जातात.

त्या आठवड्यात आमच्या वर्गातील एक मुलगी आमच्या बाकावरून उठून कोपऱ्यातल्या बाकावर बसू लागली. तिच्या टिपणांवर निम्मा वर्ग पास होतो. तिने ‘छावा’ पाहिला होता, आणि तिला तो आवडलाही होता. हे तिने मला एकटीला सांगितले. चारचौघांत ती काही बोलली नाही. आवडला म्हणाली असती तर ‘खरेच का?’ असा प्रश्न आला असता, नाही म्हणाली असती तर त्याहून वाईट. सिंहाविषयी विचारणाऱ्याची निष्ठा आपण एकदा तपासली. तिची निष्ठा न विचारताच रोज तपासली जात होती. ज्याने हा चित्रपट नीट पाहिला आहे, त्याला त्यातील शहजादा अकबर आठवावा. तो औरंगजेबाचा सख्खा मुलगा. बापाविरुद्ध बंड करून १६८१ मध्ये तो आश्रयाला आला तो संभाजीमहाराजांकडेच, आणि महाराजांनी त्याला पुढे काही वर्षे थारा दिला. औरंगजेबाच्या छावणीत राजपूत होते, मराठे होते. लढाई राज्याची होती, आणि तिच्यात धर्माचे नाव घेणारेही होते. हे गुंतागुंतीचे आहे खरे. ते गुंतागुंतीचेच आपण बोलायला हवे होते. आपण बोललो ते फक्त आरोळीएवढे.

त्याच वसंतात ‘फुले’ नावाचा चित्रपट येणार होता. जातीच्या उल्लेखांवरून परिनिरीक्षण मंडळाने बदल सुचवले, विरोध झाला, आणि ११ एप्रिलऐवजी तो २५ एप्रिलला प्रदर्शित झाला. जोतीराव आणि सावित्रीबाई यांच्यामुळे मी आज हे लिहू शकते, तरी आमच्या कट्ट्यावर त्या चित्रपटाविषयी एक वाक्यही ऐकू आले नाही. ‘इतिहास शिकवला नाही’ म्हणून संतापलेले सगळे कोठे गेले होते, कोण जाणे. त्यात सिंह नव्हता, हेच कारण असावे.

वाङ्मय मंडळाला माझी एक सूचना आहे. ‘छावा’वर एक रीतसर परिसंवाद ठेवावा, दोन तास, मोबाइल बंद. इतिहासाच्या सरांनी दिलेरखान प्रकरणाची साधने समजावून द्यावीत, मराठीच्या मॅडमनी बखरीपासून कादंबरीपर्यंतचा प्रवास सांगावा, आणि चित्रपट ज्याला आवडला नाही त्याला पहिले बोलू द्यावे. सिंहाचा प्रश्न विचारणाऱ्याला अध्यक्ष केले तरी माझी हरकत नाही. कोपऱ्यातल्या बाकावरच्या मैत्रिणीला मी विचारले आहे. ती येसूबाईवर बोलायला तयार आहे, पण तिला आधी वाचायला वेळ हवा. ग्रंथालयात सावंतांच्या ‘छावा’साठी सध्या नंबर लागलेले आहेत. बेंद्र्यांच्या ग्रंथासाठी मात्र कोणाचाही नंबर नाही. तो मी परवाच परत केला. इतिहासाच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर, उजव्या कोपऱ्यात आहे.